झाडाचा पळस आणि वेलीचा पळस

होळीआधी सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचे बाजार भरू लागतात, तेव्हा बांधावरचे आणि नाल्याकाठचे पळस पानं टाकून केशरी झालेले असतात. खानदेशातल्या माणसाला पळस ओळखायला शिकवावं लागत नाही. पत्रावळी, द्रोण, धुळवडीचा रंग, बाळंतिणीच्या लाडवात पडणारा कमरकस, जंतांवर दिली जाणारी पळसपापडी असं सगळं त्याच झाडाचं. तो इतका पाहण्यातला आहे की त्याच्याकडे कुणी नीट बघतही नाही.

या पळसाची एक सख्खी नातलग आहे आणि ती झाड नाही, वेल आहे. साग, धावडा, ऐन अशा झाडांवर चढते, वर जाऊन फुलते, आणि फुलते तेव्हा खालून बघणाऱ्याला वाटतं की सागाला पळसाची फुलं आली. मराठीत तिला पळसवेल म्हणतात. वनस्पतिशास्त्रात पळस म्हणजे ब्युटिया मोनोस्पर्मा आणि पळसवेल म्हणजे ब्युटिया सुपर्बा. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा, म्हणजे दोघांचा वंश एकच. एक स्वतःच्या खोडावर उभा, दुसरी लोकांच्या खांद्यावर, तरी दोघांना एका वंशात का घातलं, हा प्रश्न कुणालाही पडावा. त्यातच आणखी एक पळसवेल आहे. तीही वेल, तिचीही शेंग हुबेहूब पळसाची, आणि तिला मात्र या वंशातून काढून दुसरीकडे नेलं आहे.

हा गुंता सोडवायचा तर कुळापासून सुरुवात करावी लागेल. पळस शेंगांच्या कुळातला. जवळपास वीस हजार जातींचं हे कुळ फुलझाडांत जगात तिसऱ्या क्रमांकाचं आहे. त्याचे पूर्वी तीन भाग करत. 2017 मध्ये डीएनएचा पुरावा धरून सहा उपकुळं मानली गेली. आपल्या शिवारातलीच उदाहरणं घ्या: आपटा एका उपकुळात, चिंच दुसऱ्या, बाभूळ तिसऱ्या आणि पळस चौथ्या. पळसाच्या उपकुळाची फुलं पतंगरूप, म्हणजे मागे एक मोठी उभी पाकळी, दोन बाजूंना दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या चिकटून झालेली नाव. हरभरा, वाटाणा, तूर, भुईमूग, मेथी सगळ्यांच्या फुलांची घडण हीच.

या उपकुळात पुन्हा लहान गट आहेत. पळस ज्या गटात येतो त्यात तूर, मूग, उडीद, चवळी, वाल, घेवडा ही मंडळी आहेत. पळसासारखं वाकडंतिकडं रानझाड आणि जळगावच्या बाजारातली उडदाची पोती यांचा काही संबंध असेल असं वाटत नाही. पण उडदाचं एक पान तोडून पळसाच्या पानाशेजारी ठेवा. देठावर समोरासमोर दोन आणि टोकाला एक. पळसाला पाने तीनच, तशी उडदालाही तीनच, तुरीलाही तीनच. खरं म्हणजे ही तीन पानं नव्हेत, एकाच पानाचे तीन भाग आहेत. म्हण ज्यांना पाने म्हणते, त्यांना वनस्पतिशास्त्र पर्णिका म्हणतं. पानाची सुरुवात देठाच्या बुडाशी जिथे डोळा असतो तिथून मोजायची, आणि पळसाच्या तीन पर्णिकांच्या बुडाशी वेगवेगळे डोळे नसतात. हरभऱ्याच्या पानाला पर्णिका कितीतरी असतात, भुईमुगाला चार. त्यामुळे तिन्हीपानी असणं ही या गटाची बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे, पण तेवढ्यावर वंश ठरत नाही.

वंश ठरतो फुलावर आणि शेंगेवर, म्हणून इथे थोडं थांबू. पळसाचं फूल दीड-दोन इंचांचं. बुडाला गडद, मखमली लव असलेली वाटी. त्यातून बाहेर आलेली मागची पाकळी मागे कललेली, आणि नावेच्या पाकळ्या लांब, जोरात वाकलेल्या, टोकाला अणकुचीदार चोच झालेल्या. आत दहा पुंकेसर, त्यांतले नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. बुडाशी मध भरपूर, वास जवळजवळ नाही. वास नसलेलं, मोठं, भडक आणि मधाळ फूल म्हणजे ते प्रामुख्याने पक्ष्यांसाठी आहे असं समजायला हरकत नाही. फुललेल्या पळसावर शिंजीर, मैना, बुलबुल यांची जी झुंबड असते ती उगाच नाही. मध पिताना चोचीला, कपाळाला पराग लागतो आणि पुढच्या फुलावर जातो.

शेंग तर याहूनही खास. तुरीच्या शेंगेत दाणे ओळीने बसतात आणि वाळली की शेंग दोन्ही शिवणींवर उकलते. पळसाच्या शेंगेत दाणा एकच, आणि तो अगदी टोकाला. देठाकडचा बाकी सगळा भाग चपटा, पातळ, पोकळ. शेंग उकलते तीही फक्त दाण्याभोवती, बाकीचा भाग मिटलेलाच राहतो. झाडावरून सुटली की तो चपटा भाग वाऱ्यावर पंखासारखा काम करतो आणि टोकाचा दाणा त्याला खाली ओढत नेतो. मोनोस्पर्मा या जातिनामाचा अर्थच एकबीजी.

आता पळसवेलीचं फूल घ्या: तीच लवदार वाटी, तीच चोचदार नाव, तोच केशरी रंग. शेंग घ्या: चपटी, एकदाणी, दाणा टोकाला. फरक आहेत, पण ते मापाचे आहेत. वेलीच्या पर्णिका पळसापेक्षा बऱ्याच मोठ्या, टोकाची पर्णिका फूटभर किंवा त्याहूनही मोठी होते. फुलाचा देठ लांब. फूल जरा मोठं. असे फरक दोन जाती वेगळ्या ठरवायला पुरतात, दोन वंश ठरवायला पुरत नाहीत.

आणि वेल असणं? आपल्याला सगळ्यात मोठा वाटणारा फरक तोच. वर्गीकरणात त्याला फार किंमत नाही, आणि मला वाटतं या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. वनस्पती उभी राहते की चढते, ही सवय उत्क्रांतीत तुलनेने सहज बदलते. उभं राहायला जाड, कणखर लाकूड लागतं आणि ते तयार करण्यात वर्षं जातात. दुसऱ्याच्या आधाराने वर जाणारी वेल तो खर्च वाचवते आणि वाचलेलं सगळं लांबी वाढवण्यात व पानांत घालते. तिच्या खोडात पाणी वाहणाऱ्या नळ्या रुंद असतात, कारण तुलनेने बारीक खोडातून कितीतरी उंचावरच्या पानांना पाणी पुरवायचं असतं. घनदाट जंगलात उजेड वर असतो, तिथे ही युक्ती फायद्याची. उघड्या माळावर उजेड सगळीकडेच, तिथे तिचा उपयोग नाही. म्हणून एकाच वंशातली एक जाती झाड आणि दुसरी वेल, असं शेंगांच्या कुळात वारंवार दिसतं. शिसव मोठं झाड, आलेई ही दणकट वेल, आणि दोघांचा वंश डॅल्बर्जिया हाच.

फूल आणि शेंग इतक्या सहज बदलत नाहीत. पक्षी चोच कुठे घालतो, पराग कुठे लागतो, बी कशी पसरते, या सगळ्याशी त्यांची रचना बांधलेली असते. त्यातलं एक बदललं की बाकीचं बिघडतं. त्यामुळे लाखो वर्षांनंतरही नातं शोधायला फूल आणि शेंग उपयोगी पडतात, खोड सहसा पडत नाही.

पळसवेल चढते कशी तेही सांगायला हवं. वाटाण्याच्या वेलीला ताणे असतात, ते पानाचेच रूपांतर. पळसवेलीला ताणे नाहीत, काटे नाहीत, भिंतीला चिकटणारी मुळं नाहीत. तिचं कोवळं खोडच आधाराभोवती वेढे घेत वर जातं. आपल्या वालाच्या वेलीची पद्धत तीच, पण वाल हंगामात संपतो आणि ही वेल वर्षानुवर्षं जगते. खोड लाकडासारखं होतं, मनगटापेक्षा कितीतरी जाड होतं, आणि मग ती वेल आहे हे बुंध्याशी उभं राहूनही चटकन कळत नाही. सालीवर घाव बसला की लाल रस येतो. पळसालाही येतो, तो वाळून जो डिंक होतो तोच कमरकस.

आता नावांची भानगड. पळसाची युरोपातल्या छापील ग्रंथांत आलेली जुनी नोंद मलबारची. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने केरळच्या वैद्यांच्या आणि कोकणी पंडितांच्या मदतीने तिथल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापवला. त्यात पळस ‘प्लासो’ या नावाने आहे. 1763 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ॲडन्सन याने तेच नाव उचलून ‘प्लासो’ असा वंशच केला. 1785 मध्ये लामार्कने पळसाला ‘एरिथ्रिना मोनोस्पर्मा’ म्हटलं. एरिथ्रिना म्हणजे पांगारा. चूक समजण्यासारखी आहे: तीन पर्णिका, लालकेशरी फुलं, उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ, सगळं जुळतं. पण पांगाऱ्याच्या फुलात मागची पाकळी खूप लांब आणि नाव आखूड, आणि शेंगेत दाणे अनेक. वंश चुकला, जातिनाम मात्र लामार्कने नेमकं दिलं.

त्यानंतर आला विल्यम रॉक्सबर्ग, जो 1793 पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. त्याने झाडाला ‘ब्युटिया फ्रोंडोसा’ आणि वेलीला ‘ब्युटिया सुपर्बा’ म्हटलं. हे वंशनाव ब्यूटचा तिसरा अर्ल जॉन स्टुअर्ट याच्या सन्मानार्थ. हा गृहस्थ 1762-63 मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता आणि पंतप्रधानकीपेक्षा वनस्पतींतच त्याला जास्त गोडी होती. रॉक्सबर्गचं हे वंशनाव 1802 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्डेनो याच्या ग्रंथात रीतसर आलं. सुपर्बा म्हणजे दिमाखदार, आणि वेल फुललेली असताना तिला दुसरं काही म्हणावंसं वाटणार नाही.

नावांचा कायदा सातबाऱ्यासारखा आहे: आधीची नोंद कुणाची, ते आधी बघायचं. लामार्कचं ‘मोनोस्पर्मा’ रॉक्सबर्गच्या ‘फ्रोंडोसा’च्या आधीचं. म्हणून 1894 मध्ये टाउबर्टने ते ब्युटिया वंशात आणलं आणि ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ हे आजचं नाव झालं. आयुर्वेदाच्या जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या बाटल्यांवर अजूनही फ्रोंडोसा दिसतो. ते वेगळं झाड नव्हे, जुनं नाव आहे. वेलीच्या बाबतीत ‘सुपर्बा’ला आव्हान देणारं जुनं जातिनाम नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं.

पण मग वंशनावाचं काय? ॲडन्सनचा ‘प्लासो’ ब्युटियाच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीचा. नियम काटेकोर लावला तर पळस ‘प्लासो मोनोस्पर्मा’ व्हायला हवा. ओटो कुंट्झे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1891 मध्ये नेमकं तेच केलं. एकट्या पळसाचं नव्हे, त्याने हजारो वनस्पतींची नावं अशी जुन्या नोंदी उकरून बदलली. सगळीकडे गोंधळ उडाला. बागा, औषधं, व्यापार, ग्रंथ यांत रुळलेली नावं एका फटक्यात बदलायला कुणी तयार नव्हतं. शेवटी 1905 च्या व्हिएन्ना परिषदेत अपवादाची सोय झाली: रुळलेलं वंशनाव नंतरचं असलं तरी मतदानाने ते राखून ठेवता येईल. ब्युटिया हे असं राखलेलं नाव आहे आणि प्लासो हे त्याच्यापुढे नाकारलेलं. मला व्यक्तिशः याची चुटपुट लागते. एका वाईट-बऱ्या ब्रिटिश पंतप्रधानाऐवजी आपल्याच पळसाचं नाव जगभर चाललं असतं. पण सोयीच्या बाजूने दिलेला निकाल चुकीचा होता असंही म्हणवत नाही.

आता ती दुसरी पळसवेल. रॉक्सबर्गने तिलाही ब्युटियातच घातलं होतं, ‘ब्युटिया पार्विफ्लोरा’ म्हणून, म्हणजे बारक्या फुलांची. तिची शेंग पाहिली तर त्याला दोष देता येणार नाही: चपटी, लवदार, एकदाणी, दाणा टोकाला. पर्णिका तीन, मोठ्या. वेल दणकट, रस लाल. फुलं मात्र सगळंच उलट सांगतात. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, पांढरट-गुलाबी, मोठ्या फांदीदार तुऱ्यात शेकड्यांनी येणारी. मागची पाकळी, पंख, नाव यांच्यात आकाराचा फारसा फरक नाही आणि ती वाकडी चोच तर नाहीच. अशा फुलावर शिंजीर येऊन काय करणार? हे किड्यांचं फूल आहे. म्हणून ही वेल आज ‘स्पॅथोलोबस पार्विफ्लोरस’ आहे. या वंशाच्या सुमारे तीस जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आग्नेय आशियात. हे नाव तिला देणाराही तो कुंट्झेच. माणूस नेहमीच चुकत नव्हता.

मग दोन्हींची शेंग इतकी सारखी कशी? बऱ्याचदा असं सारखेपण योगायोगाने येतं, सारख्या गरजेतून. इथे तसं नाही. डीएनएच्या तुलनेत स्पॅथोलोबस ब्युटियाच्या शेजारीच येतो. शेंग दोघांना समाईक पूर्वजाकडून मिळालेली आहे. म्हणजे रॉक्सबर्गला नातं बरोबर दिसलं होतं, फक्त त्याने ते जास्त जवळचं मानलं. याच गोतावळ्यात मायझोट्रोपिस नावाचा तिसरा वंश आहे, त्यात झुडपं येतात. त्यातली मायझोट्रोपिस पेलिटा ही उत्तराखंडात नैनितालजवळच्या पटवाडांगरची, आणि जगात इतर कुठे नसल्याने खऱ्या अर्थाने दुर्मीळ. पूर्वी तीही ब्युटियातच होती. झाड, वेल, झुडूप असे तिन्ही प्रकार एकाच लहानशा गोतावळ्यात.

पांढऱ्या पळसाबद्दल इथे विचारलं जाणारच. फिक्या पिवळ्या फुलांचा पळस क्वचित आढळतो आणि त्यावरून मंत्रतंत्र, गुप्तधन असल्या गोष्टींचं पीक येतं. तो ब्युटिया मोनोस्पर्माच आहे, रंगाचा एक प्रकार. फुलाची घडण तीच, शेंग तीच. त्यासाठी झाडाच्या मुळ्या खणणाऱ्यांनी झाडांचंच नुकसान केलं आहे.

पळसवेल दुर्मीळ आहे म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. भारतापासून म्यानमार, थायलंड, लाओस, व्हिएतनामपर्यंत तिचा पसारा आहे, त्यामुळे जगाच्या हिशेबात ती धोक्याच्या कडेला उभी नाही. पण पश्चिमेकडे येताना ती विरळ होते. मध्य भारतातल्या सातपुड्याच्या जंगलांत तिच्या नोंदी आहेत. खानदेशात शोधायची तर तोरणमाळ, अक्राणी, यावल, पाल अशा अजून मोठी झाडं शिल्लक असलेल्या पट्ट्यात. शेतांच्या सपाटीवर ती सापडणार नाही, कारण तिथे चढायला काहीच नाही. झाडाचा पळस तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो, गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, आणि जंगल उजाड झालं की उलट तो वाढतो. वेलीचं जगणं मात्र जंगलावर अवलंबून. त्यात भर पडली वनव्यवस्थापनाची. सागाचं खोड सरळ, निर्दोष मिळावं म्हणून जंगलातल्या वेली ठराविक काळाने बुंध्याशी तोडायच्या, अशी पद्धत भारतात इंग्रजी काळापासून चालत आली. तोडायच्या वेलींत पळसवेल आणि माहुली नेहमीच असत. लाकडाच्या हिशेबाने ते बरोबर होतं. वेलीचा हिशेब तेव्हा कुणी ठेवत नव्हतं.

थायलंडात हिच्या कंदासारख्या मुळांना लाल क्वाव क्रुआ म्हणतात आणि पुरुषांच्या ताकदीचं औषध म्हणून ती विकली जातात. आपल्याकडेही इंटरनेटवर ती भुकटी मिळते. परिणामाचे पुरावे तोकडे आहेत, आणि भुकटीत नेमकी कोणती वनस्पती आहे हे फूल-शेंग पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

वनस्पतिसंग्रहात एक गंमत दिसते. वाळवून कागदावर चिकटवलेली पळसाची फुलांची डहाळी आणि पळसवेलीची डहाळी शेजारी ठेवली तर पहिल्या नजरेत गोंधळ होतो. झाड की वेल, हे त्या वाळलेल्या तुकड्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते लिहावं लागतं नमुना गोळा करणाऱ्याने, चिठ्ठीवर. म्हणून सातपुड्यात कुणाला अशी वेल दिसली तर फुलाच्या सुंदर फोटोवर थांबू नये. खोडाचा, ते ज्या झाडावर चढलं आहे त्याचा, पानाच्या मापाचा, फुलाच्या देठाचा आणि शेंग असेल तर शेंगेचा फोटो हवा. तारीख आणि गावाचं नाव हवं. गावातले पावरा, भिल्ल, तडवी तिला काय म्हणतात तेही विचारून लिहावं. फांदी तोडू नये, मूळ तर उकरूच नये.

पावसाळ्यात गेलात तर फक्त पानं दिसतील, आणि पानांवरून ब्युटिया की स्पॅथोलोबस हे सांगण्याच्या फंदात पडू नका. दोन्हींना पर्णिका तीन, दोन्ही मोठ्या, दोन्ही वेली. शेंगेवरूनही सांगू नका, ती दोघींची एकसारखी. वहीत ‘पळसवेल, जाती अनिश्चित’ एवढंच लिहा, जागा खुणेने लक्षात ठेवा, आणि फुलं आल्यावर पुन्हा जाऊन पाकळीला चोच आहे का ते बघा.